दहांमागे एक

कालिपानं पियाल्यावर हात ठेवला, तिथून या गोष्टीला तोंड फुटलं.

झुराकानच्या घरी आम्ही बायका जमलो होतो. तिच्या मुलाला, तालायला, मूल होणार होतं. सून जिपार हिला पाचवा संपून सहावा लागला होता, म्हणून झुराकाननं कणकेचे बोरसोक तळले, मेंढी कापली आणि शेजारपाजारच्या झाडून सगळ्यांना बोलावलं. चहा ओतायचा तो सुनेनं. जिपार दाराकडच्या बाजूला किटलीपाशी बसली होती. कुणाचा पियाला रिकामा झाला की तो तिच्याकडे सरकवायचा, तिनं भरून दोन्ही हातांनी परत द्यायचा, असं चाललं होतं. कालिपाचा पियाला रिकामा झाला. जिपारनं हात पुढे केला, तर कालिपानं पियाला पंजानं झाकला.

"बास झालं गं," ती म्हणाली.

एका पियाल्यात बास? आणि कालिपाला? ही बाई माझ्याकडे आली की समोवर कोरडा केल्याशिवाय उठत नाही. पण तिच्या शेजारचीनंही हात ठेवला. मग तिच्या पलीकडचीनं. माझा पियाला तेव्हा भरलेला होता, म्हणून माझी परीक्षाच झाली नाही. जिपार किटली हातात धरून तशीच बसून राहिली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या.

"ऊठ, पोरी," झुराकान म्हणाली. "कंबर भरून येईल तुझी. मी ओतते."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण झुराकाननं किटली हातात घेतली आणि सगळ्यांचे हात पियाल्यांवरून निघाले. कालिपा त्यानंतर पाच पियाले प्यायली.

त्याच्या आदल्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात जिपारचं रक्त तपासलं होतं. पोटुशी बाई गेली की तपासतातच. त्यात बी काविळीचा विषाणू निघाला. जिपारला ना ताप, ना डोळे पिवळे. गाल तर सफरचंदासारखे. झुराकाननं ते मला कुंपणावरून सांगितलं, 'कुणाजवळ बोलू नकोस' म्हणून. नंतर कळलं, तिनं आणखी चौघींना असंच सांगितलं होतं, 'कुणाजवळ बोलू नका' म्हणून.

त्या चहाच्या दिवसापासून जिपारनं आपला पियाला वेगळा केला. ताट वेगळं, चमचा वेगळा, टॉवेल वेगळा. ती जेवायला सगळ्यांबरोबर बसेना. चुलीमागच्या कोपऱ्यात एक तिवई ओढून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. तालाय ट्रक चालवतो. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. घरी आला की तोही आपलं ताट उचलून तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसायचा. बोलायचा काही नाही. तो जन्मापासूनच शब्दांच्या बाबतीत कंजूष.

"मी तिला एक शब्द तरी बोलले का?" झुराकान मला म्हणाली. "विचार तिला. एक शब्द नाही."

"तेच तर," मी म्हणाले.

"म्हणजे काय गं बुरुल?"

"म्हणजे एखादा शब्द बोल."

तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. मी ते मनावर घेतलं नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. ती कशाला घाबरली होती ते मला ठाऊक होतं. तिची थोरली मुलगी सिर्गा तोकमोक शहरात दिली होती. एकतिसाव्या वर्षी ती यकृत सडून गेली. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट पाण्यानं फुगलं. मग लोक बोलले. कुणी म्हणालं, चोरून वोदका प्यायची. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मातीच्या दिवशी झुराकान सगळ्यांसमोर विहिणीवर तुटून पडली. 'माझ्या लेकीला उपाशी मारलंत, डॉक्टरकडे वेळेवर नेलं नाहीत', असं तोंडाला येईल ते बोलली. जावई आझामात तेव्हापासून एकदाही फोनवर आला नाही. आणि त्याच्याजवळ नात होती, मीरिम. आई गेली तेव्हा चार वर्षांची असलेली ती मीरिम आता पंधराची झाली असेल, एवढंच झुराकानला माहीत होतं.

तर अशा बाईला पुन्हा 'यकृत' हा शब्द ऐकवल्यावर ती काय बोलणार? ती गप्प झाली. आणि घरात सासू गप्प झाली की सुनेला शिवीपेक्षा ते जास्त लागतं.

शरदात, बटाटे काढून झाले होते तेव्हा, राजधानीतून एक पथक आलं. डॉक्टर नुरझात म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या, बुटक्या, पायांत पुरुषी बूट. त्यांच्याबरोबर दोन नर्सबाई आणि शीतपेट्या. गावच्या आरोग्य समितीत मी आहे, म्हणून त्यांना घरोघर न्यायचं काम माझ्याकडे आलं. आधी सगळ्यांना क्लबात, म्हणजे गावच्या सभाघरात, जमवलं.

"आपल्या देशात साधारण किती लोकांच्या रक्तात हा बी काविळीचा विषाणू आहे, ते आम्हाला मोजायचंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून काही गावं निवडली आहेत, आणि गावातली काही घरं."

म्हातारा सापाराली पुढे बसला होता. सत्तर वर्षं मेंढ्यांमागे गेलेली. "मग आजारी आहेत त्यांनाच टोचा की, बाई," तो म्हणाला. "मला कशाला भोसकता? मी तर बोकड आहे बोकड."

"अक्साकाल बाबा, तुमच्या कळपाची तब्येत कशी आहे ते मला बघायचं असेल, आणि मी लंगड्या मेंढ्या तेवढ्या धरल्या, तर?"

"तर तुम्ही म्हणाल, सापारालीचा कळप मेला."

"आणि सगळ्यात पुढे पळणाऱ्या धरल्या तर?"

"तर विकत घ्याल."

लोक हसले. डॉक्टरबाईही हसल्या. "म्हणून डोळे मिटून धरायच्या. हाताला लागेल ती."

सरपंचानं आपली नमद्याची टोपी काढली, घरांच्या चिठ्ठ्या तिच्यात टाकून हलवल्या, आणि डॉक्टरबाईंनी एकेक चिठ्ठी उचलली. झुराकानचं घर निघालं. कालिपाचं निघालं नाही. ती उभी राहिली.

"आमच्या घरात काय खोट आहे?" ती म्हणाली. "सरपंचाच्या मेव्हण्याचं निघतं, माझं कसं निघत नाही?"

"कालिपा, हे मेंढीवाटप नाही," मी म्हणाले. "सुई आहे."

"सुई असो नाहीतर तलवार. फुकट आहे ना?"

ज्याला तपासून घ्यायचंय त्याला शेवटच्या दिवशी तपासू, पण त्याची मोजणीत गणना होणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर ती बसली. पण तोंड फुगलेलंच.

झुराकानच्या दारात आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात कोबी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"आमच्याकडे काय आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "आणखी काय मोजणार?"

"आपा, तुमच्या सुनेचं माहीत आहे. तुमचं माहीत नाही."

"मला काय धाड भरलीय?"

"नसेल तर 'नाही' म्हणून मोजू. तेही मला तितकंच हवंय."

आत तालाय होता. त्यानं बाही वर केली आणि हात पुढे केला, जणू टायर बदलायला सांगितलंय. जिपार चुलीमागून बाहेर येईना. "माझं तर झालंय तपासून," ती तिथूनच म्हणाली. डॉक्टरबाई मग स्वतः मागे गेल्या. तिवईवरचा वेगळा पियाला, वेगळा चमचा, वेगळी बशी त्यांना दिसली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझं मीच."

डॉक्टरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. हा विषाणू रक्तातून जातो, त्या म्हणाल्या. बाळंतपणात आईकडून बाळाला, नवराबायकोत, नीट न उकळलेल्या सुईतून. पियाल्यातून जात नाही. एका ताटात जेवल्यानं जात नाही. मिठी मारल्यानं जात नाही. जिपार ऐकत होती, पण मला वाटतं, तिला एकच शब्द ऐकू गेला होता.

"बाळाला," ती म्हणाली.

"बाळाला आपण थांबवू शकतो. जन्मल्यावर एका दिवसाच्या आत लस द्यायची. जमेल तितक्या लवकर. त्याबरोबर आणखी एक इंजेक्शन असतं, ते शहरातच मिळेल. तुझ्या रक्तात विषाणू किती आहे ते बघते. फार असेल तर आतापासून एक गोळी रोज. एवढं केलं तर बाळ सुटतं, बहुतेक सगळी सुटतात."

"बहुतेक," जिपार म्हणाली.

"बहुतेक. मी तुला खोटं सांगणार नाही."

मग झुराकानच्या बोटातून थेंब घेतला. निकाल सांगताना डॉक्टरबाई मला बाहेर घालवायला लागल्या, कारण ज्याचा निकाल त्यालाच सांगायचा असतो. झुराकान म्हणाली, "राहू द्या तिला. नाहीतरी संध्याकाळपर्यंत मीच सांगेन." म्हणून मी तिथे होते. आणि आज हे सांगते तेही तिनंच सांगितलंय म्हणून. 'नीट सांग, आडवंतिडवं करू नकोस', असं म्हणाली.

तालायचा निकाल साफ होता. झुराकानच्या रक्तात विषाणू होता.

ती हसली. खरंच हसली. "तपासणीची पट्टी बदलली असेल तुम्ही," ती म्हणाली. "सुनेची असेल ती."

डॉक्टरबाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मी आजारी नाही. मी गेल्या वर्षी एकटीनं पाच गाड्या गवत कापलं."

"पुष्कळांना वर्षानुवर्षं काही होत नाही, आपा. काहींना शेवटपर्यंत होत नाही. तुम्हाला बहुधा लहानपणीच लागलं असेल."

"लहानपणी," झुराकान म्हणाली. आणि मग तिचा चेहरा असा झाला, की मी तिच्या खांद्याला धरलं. "म्हणजे पोरं व्हायच्या आधी."

ती डॉक्टरबाईंकडे वळली.

"मग सिर्गाला मी दिला?"

डॉक्टरबाईंना सिर्गा कोण ते माहीत नव्हतं. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी बूट काढले आणि झुराकानच्या शेजारी नमद्यावर बसल्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला तुमच्या आईकडून आला असेल, किंवा शाळेतल्या सुईतून. तेव्हा एकाच सुईनं वर्गाच्या वर्ग टोचायचे. तुमच्या लेकीला तुमच्याकडून आला असेल. तेव्हा तपासणी नव्हती. लस नव्हती. तुम्ही काही केलं नाहीत, आपा."

"आणि याला?" तिनं तालायकडे बोट केलं. "यालाही मीच जन्म दिला. हा कसा सुटला?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्या बाळांना लागत नाही. कुणाला का आणि कुणाला का नाही, ते खरंच माहीत नाही."

तालाय उठला, आईच्या मागे जाऊन बसला आणि तिच्या पाठीला आपली पाठ लावली. लहानपणी थंडीत ते असेच बसायचे. तो तसाच बराच वेळ बसला.

त्यानंतर झुराकाननं खाणं सोडलं. गायीची धार जिपारनं काढली, कोबी जिपारनं बरणीत भरला. तिसऱ्या दिवशी जिपार माझ्याकडे आली.

"बुरुल एजे, आपा भिंतीकडे तोंड करून पडल्यात. बोलत नाहीत. तुम्ही चला."

मी पिंजायची लोकर बरोबर घेतली, म्हणजे हातांना काम राहील, आणि गेले. झुराकान खिडकीखाली पडली होती. मी लोकर पिंजत बसले आणि गावातल्या चार गोष्टी सांगितल्या. मग जिपार चुलीमागून आली. ती कधी न विचारता सासूच्या अंथरुणाला शिवायची नाही, पण त्या दिवशी पोट सांभाळत ती झुराकानच्या उशाशीच बसली.

"आपा," ती म्हणाली, "त्या कशा होत्या?"

आमच्यात सुनेनं सासरच्यांचं नाव घ्यायचं नसतं. मेलेल्या नणंदेचंही नाही. म्हणून 'त्या'.

झुराकान वळली नाही. पण म्हणाली, "त्या कोण? नाव आहे तिला. नाव घे."

"मी कसं घेऊ?"

"मी सांगते ना. घे."

"सिर्गा," जिपार म्हणाली. अगदी हळू.

मग झुराकान बोलायला लागली. भिंतीकडेच तोंड होतं. सिर्गा घोड्यावरून पडली की रडायची नाही, घोड्यालाच रागवायची. गाताना शब्द विसरायची आणि मध्ये आपले शब्द घालायची. तिला दही साखर घालून आवडायचं, आणि साखर संपली की खडे मीठ. एकदा तिला ताप आला होता, रस्त्यावर बर्फ, तेव्हा झुराकाननं तिला पाठीला बांधून सात कोस नेलं होतं दवाखान्यात.

"सात कोस नेलं," ती म्हणाली, "आणि जे द्यायचं ते आधीच देऊन बसले होते."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आपा," जिपार म्हणाली. "मला तर माहीत आहे. माहीत असून मी याला जन्म देणार." आणि ती रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती. चुलीमागेसुद्धा नाही, कारण रडली असती तर मला कुंपणापलीकडे ऐकू आलं असतं.

झुराकान उठून बसली. केस विस्कटलेले, रुमाल एकीकडे. तिनं आपला हात जिपारच्या पोटावर ठेवला.

"लाथ मारतं का?"

"फार मारतं."

"मारू दे. तुला माहीत आहे, म्हणून तर बरं आहे. मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी चंद्रावर गेले असते लस आणायला. तुला नुसतं नारीन शहरात जायचंय." तिनं बाहीनं नाक पुसलं. "बुरुल, नारीनच्या वाटेवरची खिंड बर्फानं कधी बंद होते गं?"

"डिसेंबरात कधीही."

"मग आम्ही नोव्हेंबरातच जाऊ. तिथेच राहू. खिंडीच्या भरवशावर मी नातू सोडणार नाही."

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली. जिपारनं सवयीनं आपलं ताट तिवईकडे नेलं, तर झुराकान म्हणाली, "ती तिवई मला पाय ठेवायला हवीय. तू इकडे ये. आता आपण दोघी सारख्याच. तालायला पाहिजे असेल तर तो बसेल वेगळा."

तालाय हसला. त्याचे दात मला फार दिवसांनी दिसले.

नोव्हेंबरात दोघी नारीनला गेल्या आणि झुराकानच्या मावसबहिणीच्या घरात एका खोलीत राहिल्या. जिपारच्या रक्तात विषाणू पुष्कळ होता, म्हणून रोज एक गोळी सुरू झाली. सकाळी सातला झुराकान गोळी आणि पाणी घेऊन तिच्यासमोर उभी राहायची, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. "मेंढीला पण आपा इतकं करत नाहीत," जिपार मला फोनवर म्हणाली, आणि मागून झुराकानचा आवाज आला, "मेंढी तुझ्यासारखी गोळी गालात धरत नाही."

बाळ जानेवारीच्या अखेरीस झालं. बाहेर असं बर्फाचं वादळ होतं की शहरातले दिवे दोनदा गेले. प्रसूतिगृहात नातेवाइकांना आत सोडत नाहीत. झुराकान खाली खिडकीशी उभी राहिली. नर्स खिडकीत दिसली की ती ओरडून विचारायची, "दिली का?" मुलगा की मुलगी, वजन किती, काही नाही. फक्त, "दिली का?" शेवटी मोठ्या नर्सबाईंनी खिडकी उघडून दोन्ही रिकाम्या कुप्या तिला दाखवल्या. एक लसीची आणि एक दुसऱ्या इंजेक्शनची.

"दिल्या, आजी. जन्मून एक तास पण झाला नाही. आता घरी जा, नाहीतर तुम्हालाच आत घ्यावं लागेल. आणि मुलगा आहे, कुणी विचारलंच तर."

त्या प्रसूतिगृहात तिला अजून 'दिली का आजी' म्हणतात.

बाळाचं नाव एर्निस ठेवलं. घरी सगळं निवांत झालं, आणि मग एका दुपारी, बाळ झोपलं असताना, झुराकाननं फोन घेतला आणि तोकमोकला लावला. अकरा वर्षांनी. जिपार तिथेच होती. तिनं मला हे सांगितलं.

"आझामात," ती म्हणाली, "मी बोलतेय. फोन ठेवू नकोस."

त्यानं ठेवला नाही.

"तुझ्या आईला मी त्या दिवशी बोलले, ते खोटं बोलले. तुम्ही तिला उपाशी मारलं नाहीत. तो आजार माझ्या रक्तात आहे. माझ्याकडूनच तिला गेला. मला आता कळलंय."

मग आझामातचा आवाज आला, पण ओळखू येईना इतका बसलेला.

"मला वाटायचं, मीच दिला," तो म्हणाला.

"तू?"

"लग्नाआधी मी सैन्यात होतो. तिथे हातावर गोंदवून घेतलं होतं, एकाच सुईनं सगळ्यांनी. सिर्गा गेल्यावर डॉक्टर म्हणाले, अशा सुईतून येतो. मी तपासून पण घेतलं नाही. भीती वाटली. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून फोन घेत नव्हतो. तुम्ही बोललात म्हणून नाही, आपा."

अकरा वर्षं तो तिकडे पोरीला मारल्याचं ओझं वाहत होता, आणि ही इकडे त्याच्या घराला दोष देत होती. आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"तपासून घे," झुराकान म्हणाली. "तुझं घे आणि मीरिमचं पण घे. आजच्या आज. माझा राग आला तर आणखी अकरा वर्षं धर, पण तपास."

आझामातच्या रक्तात काही नव्हतं. मीरिमच्या होतं. सिर्गाच्या बाळंतपणाची घाई अशी झाली होती की पोर घरीच झाली, आणि लस मिळाली ती फार उशिरा. पण यकृत चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, फक्त दर सहा महिन्यांनी यायचं. बिघडायला लागलं तर गोळ्या आहेत. झुराकाननं ते ऐकलं. मग जिपारला म्हणाली, "तिच्या आईचं कळलं ते पोट फुगल्यावर. हिचं कळलं ते ही हसत असताना."

वसंतात डॉक्टर नुरझात आकडे सांगायला परत आल्या. सगळे पुन्हा क्लबात जमलो. जिपार मांडीवर बाळ घेऊन झुराकानशेजारी बसली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या गावातल्या मोठ्या माणसांत साधारण दहांमागे एकाच्या रक्तात हा विषाणू आहे. त्याहून किती तरी जास्त लोकांना तो कधी तरी लागून गेलाय आणि त्यांना पत्ताही नाही. पण लस सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या पोरांत जवळजवळ कुणालाच नाही.

सापाराली बोटं मोजत होता. "दहांमागे एक? मग या खोलीतच सात-आठ निघतील की."

झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोण जरा पिवळा दिसतो, कोण मघापासून खाकरतोय. झुराकान उठली.

"शोधू नका," ती म्हणाली. "एक मी आहे. एक ही माझी सून. उरलेले आपल्या आपल्या घरी जाऊन शांतपणे तपासून घ्या. आणि ज्यांना चहा प्यायचाय त्यांनी आमच्याकडे या, पाव ताजा आहे."

दुसरं कुणी उठलं नाही. कुणी उठेल असं मला वाटलंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालिपा माझ्या कुंपणाशी आली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "आमच्या यांचं निघालं. शेवटच्या दिवशी तपासलं होतं ना, तेव्हाच. कुणाजवळ बोलू नकोस." मी बोलले नाही. हे तिनंच नंतर साऱ्या गावाला सांगितलं, कारण तिच्या नवऱ्याला राजधानीतले मोठे डॉक्टर बघतात, हे तिला सांगितल्यावाचून राहवेना. मात्र माझ्याकडून ती सरळ झुराकानच्या घरी गेली आणि दुपारपर्यंत तिथेच होती. आत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. जिपार एवढंच म्हणाली, "कालिपा एजेंनी बाळाला न्हाऊ घातलं."

उन्हाळ्यात आम्ही तंबू टाकून राहतो त्या कुरणावर मीरिम आली. उंच पोर, शहरी केस, घोड्यावर बसायला घाबरणारी. पहिले दोन दिवस आजी आणि नात एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलल्या. तिसऱ्या दिवशी मीरिम घोडीचं दूध काढायला शिकताना लाथ खाऊन पडली, आणि उठून घोडीलाच रागवायला लागली. झुराकान बादली तिथेच टाकून तंबूत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली.

एर्निस वर्षाचा झाल्यावर त्याचं रक्त तपासलं. तालायनं नारीनहून आईला फोन केला. "साफ," तो म्हणाला, आणि ठेवून दिला. मग त्याला वाटलं असावं की एवढं पुरणार नाही, म्हणून पुन्हा लावला. "एकदम साफ, आपा."

आता दर सहा महिन्यांनी झुराकान आणि मीरिम राजधानीत एकाच दिवशी तपासायला जातात. मीरिम तोकमोकहून येते, झुराकान इथून, पहाटेच्या टॅक्सीनं, भाड्यावरून ड्रायव्हरशी वाद घालत. मागच्या खेपेला मीही बरोबर गेले. दवाखान्याच्या लांब बोळात बाकावर बसलो होतो. समोर एक तरुण बाई होती, मीरिमपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, हातात निकालाचा कागद घट्ट मुडपलेला. ती कुणाकडे बघत नव्हती. बाकावर जागा असूनही भिंतीला टेकून उभी होती. इतरांपासून लांब.

झुराकाननं तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मला कोपरानं ढोसलं, "सरक गं," आणि मीरिमला म्हणाली, "पिशवी उचल." मध्ये जागा झाली.

"पोरी," तिनं हाक मारली. "पहिल्यांदाच आलीस ना? ये, इथे बस. आमच्यात बस."